चुन्याची डबी, पण चुन्याची नव्हे : युद्धकाळातल्या अनोळखी वस्तू कशा ओळखाव्यात

कोरेगाव तालुक्यातल्या आत्याच्या घरचा माळा आवरताना एका पत्र्याच्या ट्रंकेत पितळी नळकांडी मिळाली. मधल्या बोटाएवढी लांब, अंगठ्याएवढी जाड, एका टोकाला आट्यांचं झाकण. झाकण फिरवून काढलं की त्यालाच जडवलेला एक लांबट चमचा बाहेर यायचा, कान कोरायच्या कोरणीचा मोठा भाऊ शोभेल असा. "आमच्या मामंजींची चुन्याची डबी ती," आत्या म्हणाली. मामंजी मराठा पलटणीत होते, १९४६ला घरी आले आणि शेवटपर्यंत तंबाखू मळत राहिले. नळकांडीच्या तळाला पांढरा पापुद्राही होता. म्हणजे विषय मिटल्यातच जमा.

मला मात्र झाकण खटकत होतं. चुन्याच्या डबीला इतके बारीक आटे कशाला हवेत? आणि झाकणाच्या आत चामड्याची चकती? फोटो काढून ओळखीच्या चार संग्राहकांना पाठवले. तासाभरात एकाचं उत्तर आलं: थ्री-नॉट-थ्री रायफलची तेलाची बाटली. रायफलच्या लाकडी दस्त्याला मागून पितळी पट्टी असते, तिच्यात एक झडप, झडपेआड भोक. त्यात ही बाटली आणि नळी साफ करायची दोरी ठेवलेली असायची. चमच्याने थेंब थेंब तेल सोडायचं. चामड्याची चकती तेल गळू नये म्हणून. दुसऱ्या एकाने स्वतःकडच्या तशाच बाटलीचा फोटो मापपट्टी शेजारी ठेवून टाकला. माप जुळलं.

"मग चुना कुणी भरला?" आत्याने विचारलं. मामंजींनीच, अजून कुणी! दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, फक्त एकामागून एक घडलेल्या.

तेव्हापासून अशा वस्तू लोक माझ्याकडे घेऊन येतात. बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते: वस्तू नीट बघण्याआधीच तिला नाव देऊन मोकळे होतात. खाली जी रीत लिहिली आहे ती नाव शक्य तितकं उशिरा देण्याची आहे.

सर्वांत आधी: ती जिवंत आहे का?

हे बाकी सगळ्याच्या आधी. काडतूस, हातबॉम्ब, तोफगोळा, फ्यूज किंवा तसा काही संशय येईल अशी वस्तू असेल तर ती उचलू नका, हलवू नका, धुऊ नका, गाडीच्या डिकीत घालून कुणाला दाखवायला नेऊ नका. आहे तिथे राहू द्या, मुलांना लांब करा, ११२ला फोन लावा. पोलिसांचं बॉम्बशोधक व नाशक पथक याच कामासाठी असतं. ऐंशी वर्षं झाली म्हणजे दारू मेली असं नसतं. उलट जुनी दारू जास्त लहरी होते. देवळाली, नगर अशा तोफखान्याच्या सरावक्षेत्रांजवळ भंगारासाठी गोळ्यांचे तुकडे वेचताना माणसं दगावल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

काडतुसाबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे. बुडाच्या मधोमध टोचा पडलेला दिसला की ते उडालेलं, असं लोक धरून चालतात. पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळीच्या, तोंडाला गोळी अजून बसलेली असेल आणि मागे टोचाही असेल, तर ते न उडालेलं, फसलेलं काडतूस असण्याची शक्यता आहे. ते जिवंतच समजायचं. तोफगोळ्याच्या पितळी पुंगळीची फुलदाणी केलेली असते, तिच्याही बुडातली टोपी (दारू पेटवणारी) उडालेली असेलच असं नाही. तिला खिळा ठोकून बघण्याचा उद्योग करू नका. शिवाय एकच जिवंत काडतूस परवान्याशिवाय घरात ठेवणं हा १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. आजोबांचं आहे, आठवण आहे, हे कारण तिथे चालत नाही. आपण होऊन पोलिसांना सांगितलेलं बरं.

दुसरा धोका दिसत नाही. त्या काळातल्या लष्करी होकायंत्रांच्या आणि विमानातल्या घड्याळांच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असे. आज तो चमकत नाही, कारण चमकणारं रसायन झिजून गेलं. रेडियमचं अर्धायुष्य मात्र सुमारे १,६०० वर्षं आहे. तबकडी बंद असली तर मोठी काळजी नाही, पण काच काढून रंग खरवडायचा नाही, त्याची धूळ पोटात जाता कामा नये.

घासू नका

आपल्याकडे पितळ दिसलं की हात आपोआप चिंचेकडे जातो. थांबा. जुन्या वस्तूवरचा काळपट थर, कोपऱ्यातला मेणचट मळ, आटलेला रंग, या सगळ्यांतून ओळख पटते. आत्याच्या नळकांडीतला चुना मी धुऊन टाकला असता तर अर्धी गोष्ट मोरीत गेली असती. पदकं घासून कडेवरचं नाव पुसट झालेली घरं मी पाहिली आहेत, आणि ते नाव परत येत नाही. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका, तेवढं पुरे. अक्षरं उठून दिसावीत म्हणून त्यात खडू किंवा पीठ भरणारेही असतात. त्याऐवजी वर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवा, ठसा सुरेख उमटतो.

मोजा, तोला, चुंबक लावा

किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा, लोहचुंबक, भिंग आणि व्हर्नियर कॅलिपर एवढं सामान पुरतं. कॅलिपर नसेल तर शाळेची पट्टी चालेल, पण मग "अंदाजे" असं लिहा.

माप मिलिमीटरमध्ये घ्या आणि इंचातही करून बघा. ब्रिटिश माल इंचाच्या हिशोबाने बनलेला असतो. इंचात सरळ आकडा येत असेल आणि मिलिमीटरमध्ये वेडावाकडा, तर तो एक पुरावाच झाला. जर्मन किंवा जपानी मालात बहुतेक वेळा याच्या उलट होतं.

मोजमापाने काय साधतं ते पितळी फुलदाण्यांवरून कळेल. पहिल्या महायुद्धातली ब्रिटिशांची मुख्य मैदानी तोफ अठरा पौंडी, तिच्या नळीचा व्यास ८४ मिलिमीटर. दुसऱ्यात पंचवीस पौंडी आली, ८७.६ मिलिमीटर. फरक साडेतीन मिलिमीटरच्या जरासा वर. डोळ्याला दोन्ही सारख्या दिसतात, पण पणजोबा की आजोबा, हा प्रश्न त्या साडेतीन मिलिमीटरवर सुटू शकतो. तोंड ठोकून नक्षीदार केलेलं असेल तर तिथे मोजू नका, बुडाजवळ मोजा आणि कुठे मोजलं ते लिहा.

चुंबक चिकटलं तर लोखंड किंवा पोलाद, मग वर पितळेचा मुलामा का असेना. वजनाचं म्हणाल तर पदकांच्या बाबतीत ते फार बोलतं. १९१४ ते २०चं ब्रिटिश वॉर मेडल सैनिकांना चांदीचं मिळालं, बिगारी आणि इतर मदतनिसांपैकी अनेकांना तेच ब्राँझचं मिळालं. काळं पडलेलं चांदीचं आणि मळकट ब्राँझचं कमी उजेडात फसवतात. खात्री नसेल तर ओळखीच्या सोनाराला दाखवा, मात्र कसोटीवर घासायचं नाही असं आधीच बजावा.

खुणा वाचणं

इथे वेळ घालवा. खरी मजा इथेच आहे.

सगळ्यांत जास्त दिसणारी खूण म्हणजे तीन रेघांचा बाण, कोंबडीच्या पायाच्या ठशासारखा. ब्रिटिश सरकारी मालमत्तेची ती खूण, ब्रॉड ॲरो. या बाणाखाली इंग्रजी "आय" असेल तर माल हिंदुस्थान सरकारचा. बाण "सी" अक्षराच्या पोटात असेल तर कॅनडा, "यू"मध्ये असेल तर दक्षिण आफ्रिका, दोन "डी"च्या मध्ये असेल तर ऑस्ट्रेलिया. आफ्रिकेच्या किंवा इटलीच्या आघाडीवर गेलेल्या मराठी जवानाच्या पेटीत कॅनडाची थाळी निघाली तर त्यात चमत्कार काही नाही, तिथे सगळ्यांचा माल एकमेकांत मिसळत होता.

बाणानंतर मुकुट आणि राजाची अक्षरं बघा. "जी आर आय" म्हणजे जॉर्ज, राजा आणि सम्राट. पाचवा जॉर्ज १९१० ते ३६, सहावा १९३६ ते ५२. मुकुटाच्या कमानी वर फुगीर गोल असतील तर राजाचा मुकुट, मधोमध दबलेल्या असतील तर १९५३ नंतरचा राणीचा. अशोकस्तंभाचे सिंह असतील तर अर्थातच प्रजासत्ताकानंतरचा माल. "आजोबांनी बर्मातून आणलेल्या" एका बिल्ल्यावर मी हे सिंह पाहिले आहेत. आजोबा खोटं बोलत नव्हते, घरच्यांनी दोन बिल्ले एकात मिसळले होते.

काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीच्या बुडावर कारखान्याची अक्षरं असतात. "के एफ" म्हणजे आपली खडकी. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. नुसता "के" बहुधा बर्मिंगहॅमच्या कायनॉक कंपनीचा. त्याशेजारचे दोन आकडे सालाचे, आणि रोमन सात दिसला तर तो काडतुसाचा मार्क, म्हणजे नमुन्याचा क्रमांक. पुण्यात सापडलेली पुंगळी खडकीचीच, असं मनात धरून "के"पुढे नसलेला "एफ" वाचणारे मला भेटले आहेत. म्हणून नियम असा करा: खूण जशी दिसते तशीच कागदावर उतरवा, पुसट असेल तिथे प्रश्नचिन्ह घाला, अर्थ लावायचं काम दुसऱ्या ओळीत करा.

विमानाच्या वस्तूंवर मुकुटाखाली "ए एम" असतं, एअर मिनिस्ट्रीचं, म्हणजे ब्रिटनच्या हवाई मंत्रालयाचं. बरोबर एक क्रमांक: "६ए"ने सुरू होणारा उपकरणांचा, "१०डी" बिनतारी यंत्रणेचा, "५सी" विजेच्या सामानाचा, "२२सी" वैमानिकाच्या कपड्यांचा. जुन्या बाजारात "पाणबुडीतलं मीटर" म्हणून विकायला ठेवलेल्या गोष्टीवर "६ए" दिसलं तर ती पाण्याखाली नाही, आकाशात होती.

पलटणीचं नाव कसं लिहिलंय तेही बघा. "११७ महरट्टाज" असं क्रमांकासह असेल तर ते १९२२च्या आधीचं, कारण त्या साली १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या जुन्या मराठा पलटणी एकत्र करून पाचवी महरट्टा लाइट इन्फंट्री उभी राहिली. ११७वीच तिथली पाचवी बटालियन झाली. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) तुर्कांनी घातलेल्या कूटच्या वेढ्यात अडकल्या होत्या, डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६. तेव्हा पदकाच्या कडेवरचा एक आकडा नीट वाचला तर पणजोबा कुठल्या नदीकाठी उपाशी राहिले इथपर्यंत पोचता येतं.

आणि खूण काहीच नसेल तर? तेही लिहा. जवानाच्या खासगी सामानावर पुष्कळदा काही नसतं. लांब फट पाडलेली पितळी पट्टी हे त्याचं नेहमीचं उदाहरण. कुणी तिला करवतीचा भाग म्हणतं, कुणी पंचांगाची खूण. कोटाची पितळी गुंडी त्या फटीत सरकवायची आणि मग पॉलिश करायचं, म्हणजे कापडाला डाग पडत नाही. बस, एवढंच तिचं काम.

फोटो

दिवसा, खिडकीजवळ, फ्लॅश बंद. पांढऱ्या किंवा राखाडी कागदावर वस्तू, शेजारी पट्टी. नाण्यापेक्षा पट्टी बरी, कारण आपलं दोन रुपयांचं नाणं केवढं हे परदेशातल्या माणसाला कळणार नाही. सहा बाजू घ्या: वर, खाली, चार कडा. उघडत असेल तर उघडून. खुणांचे फोटो वेगळे घ्या, त्या वेळी बॅटरी अगदी आडवी धरा. पुसट अक्षरं तिरक्या उजेडात सावली टाकतात आणि समोरून न दिसलेलं नाव उभं राहतं. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर अक्षरांचा चिखल होतो. एखाद्याचा बिल्ला नंबर आणि गावाचा पत्ता फोटोत असेल तर तो जगजाहीर करण्याआधी घरच्यांना विचारा.

घरची गोष्ट वेगळ्या कागदावर

कुणाकडून आली, कधीपासून घरात आहे, सोबत पेटीत आणखी काय होतं, कोण कुठल्या पलटणीत होतं. सगळं लिहा, पण "आत्या म्हणते" असं लिहा, "आहे" असं नको.

घरची गोष्ट टाकाऊ नसते, तिला फक्त शपथेवरचा साक्षीदार समजू नये. मुंबईत मला वेड्यावाकड्या लोखंडाचे तुकडे दाखवतात, "गोदीच्या स्फोटातला" म्हणून. १४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन हे जहाज फुटलं तेव्हा लोखंडाचा पाऊस लांबवर पडला, हे खरंच आहे. पण नुसत्या तुकड्याकडे बघून तो त्याच जहाजाचा हे कुणालाही सांगता येणार नाही. त्याच्याबरोबर त्या दिवसांतलं पत्र किंवा चिठ्ठी असेल तर तुकड्यापेक्षा ती जपा.

कुणाला विचारायचं आणि कसं

"सगळं कळणारा" संग्राहक नसतो. नोटा जमवणाऱ्याला बिल्ल्यांतलं कळेलच असं नाही. पेटीत "जपानी सरकार" असं इंग्रजीत छापलेल्या रुपयाच्या नोटा निघाल्या, तर नाणी-नोटांच्या मंडळात जा. तिथे लगेच सांगतील की "बी"ने सुरू होणारी अक्षरं म्हणजे जपानने ताब्यातल्या बर्मासाठी छापलेलं चलन. आणि हेही सांगतील की त्या नोटा ढिगाने मिळतात, लाखो रुपयांची स्वप्नं बघू नका. विमानाचं मीटर विमानवाल्यांना, रेडिओचा भाग हॅम रेडिओवाल्यांना, बिल्ले पदकवाल्यांना. बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरमधून किंवा गावातल्या निवृत्त सुभेदारांकडूनही बरंच कळतं. साताऱ्याच्या अपशिंग्यासारख्या गावात तर जवळजवळ घरटी फौजी. पुण्याच्या जुन्या बाजारातल्या आणि मुंबईच्या चोर बाजारातल्या मुरलेल्या दुकानदारांच्या हाताखालून इतका माल गेलेला असतो की ते बोटांनीच ओळखतात. त्यांना विकायचं आहे हे मात्र विसरायचं नाही.

विचारताना आपला तर्क आधी सांगू नका. "ही चुन्याची डबी असावी का?" असं विचारलं की निम्मे लोक होकार देतात आणि उरलेले तंबाखूवर बोलायला लागतात. माप, धातू, खुणा, फोटो एवढंच द्या आणि विचारा: "हे काय आहे, आणि कशावरून?"

ते "कशावरून" महत्त्वाचं. "शंभर टक्के जर्मन" म्हणणाऱ्या दहा जणांपेक्षा "आटे बघा, चकती बघा" म्हणणारा एक जण लाखाचा. त्याने सांगितलेली खूण आपल्या वस्तूवर स्वतः शोधा. ठाऊक असलेल्या अस्सल नमुन्याशी माप ताडून बघा. दोन जाणकारांचं पटलं नाही तर दोघांची कारणं लिहून ठेवा, घाई नाही.

एक पथ्य मी कडक पाळतो: ओळख पटवणाऱ्याला त्याच बोलण्यात वस्तू विकायची नाही. "काही किंमत नाही हो याला, पाचशे देतो" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकते आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धातल्या वस्तू आता ती वेस ओलांडून गेल्या आहेत. परदेशातला संग्राहक कितीही गोड बोलला तरी त्याला फोटो पाठवा, वस्तू नाही.

नकली मालाबद्दल थोडक्यात. लंडनच्या कंपनीचं नाव आणि "१९४१" असं ठळक कोरलेली चकचकीत पितळी होकायंत्रं, दुर्बिणी, सेक्स्टंट (जहाजावरचं कोन मोजायचं यंत्र) बहुतेक रुरकी-मुरादाबादकडची शोभेची असतात. खरा लष्करी माल स्वतःची इतकी जाहिरात करत नाही. अक्षरं लहान, आडोशाला, आणि ठोकताना थोडी वाकडी गेलेली.

नाव मिळालं तर

खटाव तालुक्यातल्या एका घरी देवघरात ब्राँझची गोल तबकडी होती, १२० मिलिमीटर व्यासाची. त्रिशूळ घेतलेली स्त्री, पायाशी सिंह. घरच्यांनी तिला देवी मानलं यात नवल काय? पिढ्यान्‌पिढ्या कुंकू लावून सिंहाचं नाक लाल झालं होतं. मी फोटो पाठवले आणि उत्तराला दहा मिनिटंही लागली नाहीत. पहिल्या महायुद्धात मेलेल्याच्या वारसाला ब्रिटिश सरकारने दिलेलं स्मृतिपदक. अशी तेरा लाखांहून जास्त पाडली होती. स्त्री म्हणजे ब्रिटानिया, ब्रिटन देशाचं स्त्रीरूप, कडेने "स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी तो मरण पावला" अशा अर्थाची इंग्रजी ओळ, आणि चौकटीत उठावाच्या अक्षरांत मृताचं नाव. हुद्दा नाही, पलटण नाही. मरणात सगळे सारखे म्हणून तो मुद्दाम गाळलेला.

कुंकवाच्या थराखाली नाव होतं. थर न काढता कागद-पेन्सिलीने ठसा घेतला. घरात एक आठवण होतीच: पणजोबांचा धाकटा भाऊ बसऱ्याला गेला तो आलाच नाही. युद्धात पडलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत ते नाव शोधलं तर तशा नावाचे कितीतरी निघाले. इथे नुसतं नाव उपयोगाचं नसतं. लंडनच्या कारकुनाने स्पेलिंग कसंही केलेलं असतं, म्हणून चार-पाच तऱ्हांनी शोधावं लागतं. भारतीय जवानांच्या बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका दिलेला असतो. आम्ही त्यावरून चाळत गेलो आणि एकाचंच गाव जुळलं. यादीत त्याच्या नोंदीपुढे बसरा स्मारक लिहिलेलं आहे. मेसोपोटेमियात पडलेल्या आणि कबर माहीत नसलेल्या ४० हजारांहून अधिक जणांसाठीचं हे स्मारक. फ्रान्समध्ये गेलेल्यांची नावं नव शापेलच्या स्मारकावर बघावीत, वायव्य सरहद्दीवर पडलेल्यांची दिल्लीच्या इंडिया गेटवर.

पदक असेल तर सोपं. पहिल्या महायुद्धातल्या पदकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण असते. भिंग लावून तिरक्या उजेडात वाचा. आणि पेटीत लाल गोळ्याचा, शाईने अक्षरं लिहिलेला जपानी झेंडा निघाला, तर तो लढाईवर जाणाऱ्या जपानी पोराला त्याच्या घरच्यांनी सह्या करून दिलेला असतो. अमेरिकेतल्या ओरेगॉनमधली ओबोन सोसायटी असे झेंडे त्या कुटुंबांपर्यंत पोचवते. निर्णय तुमचा, पण विकायला काढण्याआधी त्यावरचं नाव वाचून घ्या.

शेवटचं काम: चिठ्ठी

ओळख पटली की एका जाड कागदावर बॉलपेनने नाही, पेन्सिलने लिहा: वस्तू काय, कशावरून ठरलं, कुणी सांगितलं, कधी, कितपत खात्री. चिठ्ठी वस्तूबरोबर ठेवा. फोनमधल्या नोंदी फोनबरोबर जातात.

आत्याच्या ट्रंकेत आता त्या नळकांडीला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली आहे: "थ्री-नॉट-थ्री रायफलची तेलाची बाटली. १९४६ नंतर मामंजींची चुन्याची डबी. आतला चुना धुऊ नये." शेवटची ओळ आत्याने सांगून लिहून घेतली.